कुत्रा घरी गेला, माणूस कोठडीतच!

अमेरिकेतल्या तुरुंगांतून अधूनमधून एक बातमी येते आणि आपल्याकडची प्रस्थापित वर्तमानपत्रे ती शेवटच्या पानावर चौकटीत, फोटोसह छापतात. फोटोत एक धिप्पाड कैदी असतो, कधी गोरा, पुष्कळदा काळा. अंगावर तुरुंगाचे कपडे आणि मांडीवर डोके ठेवून पहुडलेला कुत्रा. वर मथळा असतो की पाषाणहृदयी गुन्हेगाराला एका मुक्या जनावराने माणूस बनवले. वाचणारा क्षणभर हळवा होतो, चहाचा घोट घेतो आणि पेपरची घडी घालतो. आंबेडकरी वाचकाला मात्र ही बातमी इतक्या स्वस्तात सोडून देता येत नाही. ज्यांच्या बापजाद्यांना गावच्या पाणवठ्यावर कुत्र्यामांजराइतकाही अधिकार नव्हता, त्यांनी कुत्रा आणि माणूस एका चौकटीत दिसले की ती चौकट दोनदा पाहिली पाहिजे.

हकिगत अशी आहे. मालकांनी सोडून दिलेली, रस्त्यावर सापडलेली, मारझोडीतून सोडवलेली कुत्री अमेरिकेत सरकारी किंवा धर्मादाय निवाऱ्यांत ठेवतात. तेथे जागा नेहमीच अपुरी असते. ज्याला कोणी दत्तक नेत नाही त्या जनावराला इंजेक्शन देऊन मारतात. कुत्री-मांजरे मिळून हा आकडा दरवर्षी लाखांत जातो. जो कुत्रा अंगावर येतो, घरात घाण करतो, माणूस जवळ आला की कोपऱ्यात थरथरत बसतो, त्याला घरी कोण नेणार? म्हणून काही संस्थांनी तुरुंगांशी बोलणी केली आणि अशी कुत्री कैद्यांच्या हवाली करायला सुरुवात केली. साधारण दोन कैद्यांमागे एक कुत्रा. काही आठवडे तो त्यांच्याच कोठडीत राहतो. त्याला खाऊ घालणे, आंघोळ घालणे, फिरवणे, त्याची घाण काढणे, रात्री भुंकू लागला तर गप्प करणे, 'बस', 'थांब', 'ये' हे शब्द त्याच्या अंगवळणी पाडणे, हे सगळे कैद्यांनी करायचे. बाहेरून अधूनमधून प्रशिक्षक येतो, दाखवतो आणि जातो. कुत्रा तयार झाला की एखादे कुटुंब त्याला दत्तक नेते आणि कैद्याच्या कोठडीत दुसरा कुत्रा येतो.

याची सुरुवात १९८१ साली वॉशिंग्टन राज्यात गिग हार्बर येथील स्त्रियांच्या तुरुंगात झाली. सुरुवात करणारी बाई पॉलिन क्विन. पुढे ती ख्रिस्ती जोगीण झाली, पण तिचे तरुणपण घरातून पळालेली मुलगी म्हणून संस्थांच्या बंद दारांआड आणि रस्त्यावर गेले होते. एका जर्मन शेफर्ड कुत्रीच्या सोबतीने आपण पुन्हा उभ्या राहिलो, हा तिचा अनुभव होता. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे लिओ बुस्टाड यांनी तिला साथ दिली. त्यानंतर १९९३ साली ओरेगॉनमध्ये बालगुन्हेगारांच्या तुरुंगात, १९९७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बेडफर्ड हिल्स येथील स्त्रियांच्या तुरुंगात, २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टर येथील कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात असे कार्यक्रम सुरू झाले. काही ठिकाणी निवाऱ्यातली कुत्री असतात, तर बेडफर्ड हिल्ससारख्या ठिकाणी पिल्लापासून वाढवून युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी मदतनीस कुत्री तयार करतात. आज अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत या ना त्या रूपात हा प्रकार चालतो.

आम्ही या कार्यक्रमाची टिंगल करण्यासाठी लेखणी उचललेली नाही. कुत्र्याशी आमचे वैर नाही आणि ज्या कैद्याने एका भेदरलेल्या जनावराला पुन्हा माणसाजवळ यायला शिकवले त्याच्याविषयी तर आदरच आहे. तुरुंग अधिकारी सांगतात की ज्या बराकीत कुत्री असतात तेथे मारामाऱ्या कमी होतात, आवाज खाली येतो, पहारेकरीसुद्धा नीट बोलू लागतात. संशोधकांचे निष्कर्षही बव्हंशी अनुकूल आहेत. त्यात एक मेख आहे, ती अशी की या कार्यक्रमात आधीच चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांना निवडतात. मग पुढे ते चांगले वागले यात कुत्र्याचे श्रेय किती आणि निवडीचे किती, हे वेगळे काढणे अवघड जाते. पण ही मेख बाजूला ठेवली तरी चालेल. कार्यक्रम उपयोगी आहे असे मानूनच पुढे जाऊ, कारण आमचा प्रश्न उपयोगाचा नाहीच.

आमचा प्रश्न स्पर्शापासून सुरू होतो. स्पर्श म्हणजे काय आणि तो नाकारणे म्हणजे काय, हे या देशात आमच्याइतके कोणाला कळणार? अमेरिकन तुरुंग ही माणसाचा स्पर्श मोजूनमापून देणारी जागा आहे. अनेक तुरुंगांत भेटीला आलेल्या आईला किंवा लेकराला कैद्याने एकदा येताना आणि एकदा जाताना मिठी मारायची, मधला वेळ हात टेबलावर दिसतील असे ठेवायचे. कित्येक ठिकाणी मध्ये काच असते, आणि आता तर नुसता पडदा. आई पडद्यावर दिसते, आवाज यंत्रातून येतो आणि मिनिटांचे पैसे लागतात. पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे ज्याने कोणाच्या डोक्यावरून हात फिरवलेला नाही, अशा माणसाच्या हाती केसाळ, उबदार, जिवंत कुत्रा दिला तर तो रडेल नाही तर काय करील? त्या रडण्याला वर्तमानपत्र 'कुत्र्याने केलेला चमत्कार' म्हणते. आमच्या मते तो चमत्कार नव्हे, पंचनामा आहे. वीस वर्षे त्या माणसाचे काय केले गेले, याचा तो पंचनामा आहे.

आता कुत्र्याला मिळणाऱ्या प्रमाणपत्राकडे वळू. अनेक तुरुंगांत प्रशिक्षणाच्या शेवटी अमेरिकन केनेल क्लबची परीक्षा घेतात. ती १९८९ पासून चालू आहे आणि तिचे नाव आहे 'केनाइन गुड सिटिझन', म्हणजे श्वानांमधला सुजाण नागरिक! परीक्षेचे दहा भाग आहेत. अनोळखी माणूस जवळ आला तर न बिथरणे, कोणी कुरवाळले तर शांत बसणे, गर्दीतून नीट चालणे, दुसरा कुत्रा दिसला तरी न झेपावणे वगैरे. जो पास होतो तो सुजाण नागरिक. आणि त्याला पास करणारा शिक्षक? तो मतदार यादीतून बाद. अमेरिकेत शिक्षा भोगत असताना मत देऊ शकतो तो फक्त मेन आणि व्हरमाँट या दोन राज्यांतला आणि राजधानी वॉशिंग्टनमधला कैदी. बाकीच्यांचा हक्क आत असेपर्यंत जातो, आणि काही राज्यांत बाहेर आल्यावरही सहजासहजी परत मिळत नाही. (आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६२(५) याहून एक पाऊल पुढे आहे. येथे गुन्हा सिद्ध न झालेला कच्चा कैदीसुद्धा मत देऊ शकत नाही, पण आतूनच निवडणूक लढवून आमदार-खासदार झालेले पुढारी मात्र आपण पाहतो!) नागरिकत्वाचे नाव कुत्र्याला आणि नागरिकत्वाची वजाबाकी माणसाला, हा विनोद त्या परीक्षेला नाव देणाऱ्यांच्या लक्षात आला नसेल. शोषितांच्या लक्षात तो लगेच येतो.

हे कैदी आहेत तरी कोण? २०२२ च्या अखेरीस अमेरिकेच्या राज्य आणि संघराज्य तुरुंगांत मिळून सुमारे १२ लाख ३० हजार माणसे होती, स्थानिक कोठड्यांतली वेगळी. त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण ३२ टक्के होते. देशाच्या लोकसंख्येत मात्र ते १४ टक्क्यांच्या आसपास आहेत. हे आपोआप घडलेले नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केला, त्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागाबद्दल जोतिरावांना मनापासून आदर होता आणि आपल्या देशातल्या लोकांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा अशी त्यांची इच्छा होती. ती मुक्ती ज्या घटनादुरुस्तीने कायद्यात आली ती १८६५ सालची तेरावी दुरुस्ती. तिच्यात गुलामी आणि सक्तीची वेठ रद्द करताना एक अपवाद ठेवला आहे: गुन्ह्याबद्दलची शिक्षा म्हणून ती चालेल. दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी हा अपवाद नेमका हेरला. बेकार फिरणे, मालकाची परवानगी न घेता काम सोडणे अशा गोष्टी काळ्या माणसासाठी गुन्हे ठरवण्यात आल्या, आणि गुन्हेगार ठरला की त्याला पुन्हा त्याच मळ्यात भाड्याने लावण्यात आले. इकडे हिंदुस्थानात इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि आमच्या भटक्या बांधवांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. दोन खंडांतल्या राज्यकर्त्यांना सहा वर्षांच्या अंतराने सुचलेली कल्पना एकच होती.

तो अपवाद अजून जिवंत आहे. २०२२ साली अलाबामा, ओरेगॉन, टेनेसी आणि व्हरमाँट या राज्यांतल्या मतदारांनी आपापल्या राज्यघटनेतून तो काढून टाकला. लुइझियानाने त्याच वर्षी तो ठेवला. कॅलिफोर्नियासारख्या पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्यात २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कैद्यांची सक्तीची वेठ बंद करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०२२ च्या अहवालानुसार कैद्यांना सरासरी तासाला १३ ते ५२ सेंट मिळतात आणि टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा यांसारख्या सात राज्यांत बहुतेक कामांना काहीच मिळत नाही. कुत्रा शिकवणे हे या व्यवस्थेतले सर्वांत सुखाचे काम असेल, ते स्वेच्छेने घ्यायचे असते हेही खरे. पण व्यवस्था तीच आहे. जो मदतनीस कुत्रा बाहेर तयार करायला हजारो डॉलर खर्च येतो तो येथे सेंटांच्या मजुरीवर तयार होतो. संस्था ते कुत्रे जखमी सैनिकांना फुकट देतात, कोणी हा पैसा खिशात घालत नाही, हेही नमूद करायला हवे. तथापि दान देताना ते कोणाच्या घामातून निघाले हे सांगण्याची रीत जगात कोठेच दिसत नाही.

कृष्णवर्णीय माणूस आणि कुत्रा यांच्या नात्याचा इतिहास तर या कौतुकाच्या बातम्यांत औषधालाही सापडत नाही. मळ्यातून पळालेल्या गुलामाच्या मागावर शिकारी कुत्री सोडली जात. ती कुत्री मुद्दाम काळ्या माणसाच्या अंगावर जायला शिकवलेली असत. १९६३ च्या मे महिन्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात समान हक्कांसाठी मोर्चा काढणाऱ्या शाळकरी मुलांवर पोलीसप्रमुख बुल कॉनर याने पाण्याचे फवारे आणि कुत्री सोडली. ती छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली. हा जुना इतिहास झाला असे म्हणणाऱ्यांनी मिसुरीतल्या फर्ग्युसन शहराबद्दलचा अमेरिकन न्याय खात्याचा मार्च २०१५ चा अहवाल वाचावा. पोलिसांच्या कुत्र्याने चावा घेतल्याच्या ज्या ज्या घटनांत माणसाच्या वंशाची नोंद होती, त्या प्रत्येक घटनेतला माणूस कृष्णवर्णीय होता. एकही अपवाद नाही! कुत्र्याला रंग कळत नाही, त्याला शिकवणाऱ्याला कळतो. म्हणूनच त्याच समाजातला एक कैदी कोठडीत बसून एका कुत्र्याला माणसावर विश्वास ठेवायला शिकवतो, तेव्हा तो शंभर-दीडशे वर्षांचा उलटा धडा देत असतो. ते त्याचे मोठेपण आहे. तुरुंग खात्याने ते आपल्या नावावर जमा करू नये.

आता लुइझियाना राज्याकडे जाऊ, कारण तेथे सगळे एकाच जागी पाहायला मिळते. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ आले आणि न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. शहर रिकामे करण्याचा हुकूम निघाला, पण तेथल्या ऑर्लिन्स पॅरिश तुरुंगातल्या सहा हजारांहून अधिक कैद्यांना हलवायचे नाही असे ठरले. वीज गेली, पाणी छातीपर्यंत चढले, पहारेकऱ्यांतले कित्येक निघून गेले आणि माणसे कुलूपबंद कोठड्यांत अन्नपाण्याविना दिवसच्या दिवस राहिली. त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते आणि अनेकांवर तर किरकोळ आरोप होते, तेही सिद्ध न झालेले. सिव्हिल लिबर्टीज युनियनने २००६ साली या कैद्यांच्या जबान्यांचा भलाथोरला अहवाल प्रसिद्ध केला. त्याच दिवसांत एका लहान मुलाच्या हातातून त्याचा पांढरा कुत्रा बसमध्ये चढताना काढून घेतला गेला आणि तो मुलगा रडून रडून ओकला, ही बातमी देशभर गाजली. देश हळहळला. हळहळणे योग्यच होते. ६ ऑक्टोबर २००६ रोजी अध्यक्ष बुश यांनी सही केलेला कायदा आला की आपत्तीत माणसांना हलवण्याच्या योजनेत त्यांच्या पाळीव प्राण्यांचाही विचार झाला पाहिजे. कायदा चांगला आहे. त्यात कैद्यांविषयी एक अक्षर नाही.

याच राज्यात जॅक्सन गावी डिक्सन नावाचा तुरुंग आहे. वादळात वाचवलेली पाळीव जनावरे त्या तुरुंगाच्या आवारात ठेवली गेली आणि कैद्यांनी त्यांची निगा राखली. पुढे एका मोठ्या प्राणिमित्र संस्थेने सहा लाख डॉलर दिले आणि त्यातून तेथे कायमचा निवारा उभा राहिला. तेथे कैदी कुत्र्या-मांजरांची काळजी घेतात, विद्यापीठाचे पशुवैद्यक विद्यार्थी येऊन तपासतात, लोक येऊन दत्तक नेतात. पुन्हा वादळ आले तर जनावरांना आणायला जागा तयार आहे. प्राणिमित्रांनी हे करून दाखवले याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. त्यांच्याकडे संघटना होती, पैसा होता आणि ज्यांच्यासाठी मागायचे त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता. कैद्यासाठी मागणाऱ्याकडे यांतले काहीच नसते.

त्याच लुइझियानात अंगोला आहे. १८ हजार एकरांचा हा तुरुंग जुन्या गुलामांच्या मळ्यावर उभा आहे. नावसुद्धा आफ्रिकेतल्या त्या प्रदेशावरून पडले जेथून गुलाम आणले जात. येथे कैदी आजही शेतात राबतात. आणि येथेच १९७० च्या दशकाच्या आरंभी काही तरुण कैद्यांनी ब्लॅक पँथर पक्षाची शाखा काढली. ज्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत आमची दलित पँथर उभी राहिली, तीच ही चळवळ. त्या कैद्यांपैकी अल्बर्ट वुडफॉक्स आणि हर्मन वॉलेस यांच्यावर पहारेकऱ्याच्या खुनाचा आरोप ठेवून त्यांना एकांत कोठडीत टाकण्यात आले. वॉलेस २०१३ साली सुटले आणि तीन दिवसांत वारले. वुडफॉक्स यांची शिक्षा न्यायालयांनी एकाहून अधिक वेळा रद्द केली, तरी ते सुटले ते १९ फेब्रुवारी २०१६ रोजी, आपल्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी. चार दशकांहून अधिक काळ, दिवसाचे तेवीस तास, नऊ फूट लांब आणि सहा फूट रुंद कोठडीत एकट्याने काढले. २०२२ साली त्यांचे निधन झाले.

वर सांगितलेल्या त्या कुत्र्याच्या परीक्षेतला दहावा भाग येथे सांगायला हवा. मालकाने कुत्र्याला परक्या माणसाजवळ सोडून नजरेआड जायचे आणि एकटेपणाने कुत्रा कासावीस होतो की काय ते पाहायचे. जनावराचा जीव घाबरा होऊ नये म्हणून ही परीक्षा किती वेळ घेतात? तीन मिनिटे!

वुडफॉक्स यांना कोणी कुत्रा दिला नसता. या कार्यक्रमांत कोणाला घेतात ते पाहिले म्हणजे हे कळते. लहान मुलांवर किंवा जनावरांवर अत्याचार केलेल्यांना घेत नाहीत, ते समजू शकते. त्यापुढची मुख्य अट म्हणजे ठरावीक काळात शिस्तभंगाची नोंद नको. ही नोंद करणारा कोण? पहारेकरी. न्यूयॉर्क राज्याच्या महानिरीक्षकांनी २०२२ साली दिलेल्या अहवालात २०१५ ते २०२० या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा कृष्णवर्णीय कैद्यावर गैरवर्तनाचा शेरा लिहिला जाण्याची शक्यता गोऱ्या कैद्यापेक्षा २२ टक्क्यांनी अधिक आढळली. म्हणजे कुत्र्यापर्यंत पोहोचण्याची वाट त्याच पहारेकऱ्याच्या लेखणीखालून जाते. शिवाय कुत्रा मिळाला तरी तो कधीही काढून घेता येतो. जेवणाबद्दल तक्रार केली, उपोषणाला बसला, कोर्टात अर्ज केला की पहिल्यांदा जाईल तो कुत्रा, ही भीती मनात असलेला कैदी किती बोलेल? मालकाच्या मर्जीवर मिळालेली सवलत माणसाला गप्प करते, हे गावगाड्यात पिढ्यान् पिढ्या वतनाचे तुकडे खाल्लेल्या आमच्या समाजाला कोणी नव्याने सांगायला नको. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध आवाज उठवला तो तेवढ्याचसाठी.

कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरच्या कार्यक्रमात आजन्म तुरुंगाची शिक्षा झालेले कैदीही होते. त्यांतल्या काहींच्या शिक्षा पुढे राज्यपालांनी कमी केल्या आणि सुटल्यावर काहीजण त्याच संस्थेत कुत्र्यांचे प्रशिक्षक म्हणून कामाला लागले. वॉशिंग्टनच्या स्त्रियांच्या तुरुंगात तर कुत्र्यांचे केस कापण्याचे, निगा राखण्याचे रीतसर शिक्षण मिळते आणि बाहेरचे लोक पैसे देऊन आपली कुत्री तेथे ठेवतात. ही चांगली उदाहरणे आहेत आणि आमचे म्हणणे यांच्याच आधारावर उभे आहे. सरकार स्वतःच्या हाताने सिद्ध करत आहे की ज्याला समाजात ठेवण्याच्या लायकीचा नाही असे ठरवले, तो एका जिवाची चोवीस तास जबाबदारी घेऊ शकतो, संयम ठेवू शकतो, शिकवू शकतो, आणि सर्वांत कठीण म्हणजे, जीव लावलेला कुत्रा वेळ आली की दुसऱ्याच्या हाती सोपवू शकतो. मग उरलेल्या लाखो कैद्यांना शिक्षण, कामाचा योग्य मोबदला, लेकराला जवळ घेण्याची मुभा, शिक्षेचा फेरविचार या गोष्टी हक्क म्हणून का मिळू नयेत? त्यासाठी मध्ये कुत्रा का लागतो? भगवान बुद्धांनी अंगुलिमालाला संघात घेतले तेव्हा त्याला आधी एखादे जनावर पाळून चांगुलपणा सिद्ध करायला सांगितले नव्हते. राजा प्रसेनजित त्या दरोडेखोराला पकडायला फौजेनिशी निघाला होता आणि तो बुद्धांच्या शेजारी भिक्षू म्हणून बसलेला त्याला दिसला.

'हे सगळे अमेरिकेचे. आपल्या समाजाला त्याचे काय?' असे विचारणारे वाचक असतील. त्यांनी आपल्या तुरुंगांचे आकडे पाहावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतातल्या कारागृहांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांतले चारांपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. त्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास. अमेरिकेत जे काम रंग करतो ते येथे जात करते, आणि येथे ते काम कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवलेले होते. पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० साली ही गोष्ट उघडकीला आणली आणि त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला. त्या निकालात राज्याराज्यांच्या कारागृह नियमावल्यांतली कलमे उद्धृत केली आहेत. स्वयंपाकी उच्च जातीचा असावा. झाडूवाला मेथर, हाडी किंवा चांडाळ जातीतून निवडावा. साध्या कैदेच्या माणसाला हलके काम देऊ नये, मात्र तो तसल्या कामाची सवय असलेल्या समाजातला असेल तर द्यावे. स्वतंत्र भारतात, राज्यघटनेचे सतरावे कलम लागू झाल्यावर पंचाहत्तर वर्षे होत आली तरी ही वाक्ये सरकारी पुस्तकांत छापलेली होती! न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले आणि राज्यांना नियमावल्या दुरुस्त करायला तीन महिने दिले. केंद्रीय गृह खात्यानेही डिसेंबर २०२४ मध्ये आदर्श कारागृह नियमावलीत त्याप्रमाणे बदल केला.

परदेशातून आलेली गोष्ट आपल्याकडे लवकर उचलली जाते, विशेषतः फोटो चांगला येत असेल तर. भटक्या कुत्र्यांवरून २०२५ च्या ऑगस्टपासून सर्वोच्च न्यायालयात जे रण माजले, ते पाहता उद्या कोणी प्राणिमित्र किंवा एखादा उत्साही तुरुंग अधिकारी ही कुत्री कारागृहांत ठेवण्याची योजना मांडणार नाही असे नाही. मांडली तर आम्ही विरोध करणार नाही. आम्ही एवढेच विचारू की कुत्र्याच्या पट्ट्याचे टोक कोणाच्या हाती देणार आणि त्याची घाण उचलायचे फावडे कोणाच्या हाती? फोटोत कोण उभा राहणार? कारण जात बघून झाडू वाटणाऱ्या बराकीत कुत्रा आणला तर त्याच्याभोवतीचे कामही जात बघूनच वाटले जाईल, मग नियमावलीत काहीही छापलेले असो.

न्यायालयाच्या त्याच निकालाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून कारागृहांची नियमित पाहणी करावी, जातिभेद चालतो का ते बघावे, असे बजावले आहे. महाराष्ट्रातल्या आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात अशी पाहणी किती वेळा झाली, पाहणीत काय आढळले, नोंदवहीतला तो रकाना गेला की नाही आणि संडास-सफाईच्या कामावर सध्या कोणाकोणाची नावे आहेत, ही माहिती अधिकाराखाली मागता येणारी माहिती आहे. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते.